गारपिटीच्या सालातले चौदा शब्द

गारा पडल्या त्या जेमतेम पाव तास. लिंबाएवढ्या, टोपलीतून ओतल्यासारख्या. पत्र्याच्या शेडवर असा धडाका उठला की आत फळं निवडत बसलेल्या बायांना एकमेकींच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखावं लागलं. मग आवाज थांबला, पत्र्यावरून पाणी निथळू लागलं आणि बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. समोर डाळिंबाचा मळा होता. झाडं जागेवर होती, फळंही बरीचशी जागेवर होती. पण क्वचितच एखादं फळ कोरं राहिलं होतं. कुणाला ठिपका, कुणाला चीर, कुणाच्या गालावर खरचटलेलं. नवरीच्या वरातीला निघालेल्या मंडळींनी वाटेत मारामारी करून यावं तशी झाडं दिसत होती.

"आता काय गं करायचं?" हसरी म्हणाली. ती रडतानाही हसल्यासारखी दिसायची, म्हणून तिचं नाव हसरी.

"निवडायचं," थोरली म्हणाली. "दुसरं काय येतं आपल्याला?"

थोरली त्या टेबलावर वीस वर्षं बसत होती. घरात दोघी जावा, ही थोरली आणि ती धाकटी. शेडमध्येही तीच नावं चालत आली होती. थोरलीला फळ डोळ्यांनी बघावं लागत नसे. तळहातात घेऊन अर्धा फेरा फिरवला, अंगठा टेकवला की ते कोणत्या ढिगात जायचं ते तिला कळे. तोंडानं गप्पा चालू, हात आपले चालू. धाकटीचे हात तेवढे तयार नव्हते, पण ती सातवीपर्यंत शाळेत गेली होती आणि ते ती दिवसातून एकदा तरी आठवण करून देत असे.

आठ दिवसांनी मुकादम हातात कागद घेऊन आला. घसा खाकरून टेबलाच्या टोकाशी उभा राहिला. मुकादम वाईट माणूस नव्हता. फक्त हातात कागद आला की त्याची मान जरा ताठ होई.

"ऐका. या साली बहुतेक माल डागी. दर्यापारचा खरेदीदार म्हणतो, घेतो. पण पेटीत कसलं फळ आहे ते पेटीवर लिहिलेलं पाहिजे. इंग्रजीत. लिहिलंय एक आणि निघालं दुसरं, तर अख्खा ट्रक माघारी."

"मग तुम्ही लिहा की," हसरी म्हणाली. "आम्ही भरतो."

"अठरा बाया भरणार आणि मी एकटा लिहिणार? मला काय दहा हात आहेत? जिनं भरली तिनं लिहायचं. चौदा शब्द आहेत. शाळेतल्या बाई रोज काम सुटल्यावर तासभर येतील. तीन आठवड्यांनी मी परीक्षा घेणार. दहा शब्द आले ती टेबलावर. नाही आले तिनं खालच्या मळ्यात टोपल्या वाहायला जायचं."

खालचा मळा म्हटल्यावर थोरलीचा हात आपोआप गुडघ्यावर गेला. तिथून शेडपर्यंत दगडी पायऱ्या होत्या, एकशे दहा. वीस वर्षांपूर्वी तिनं त्या दोन हंगाम चढल्या होत्या, तेव्हा गुडघे नवे होते. आता घरची तीन पायऱ्यांची ओसरी चढतानाही ती मध्ये थांबून कुणाला तरी हाक मारण्याचं निमित्त काढत असे.

"ताई, मी शिकवेन तुम्हाला," धाकटी टेबलाखालून तिचा हात दाबत म्हणाली. "मी सातवीपर्यंत—"

"माहीत आहे गं बाई," थोरली म्हणाली. "सगळ्या मळ्याला माहीत आहे."

मास्तरीण आली ती पंचविशीची, सडपातळ, खांद्याला पिशवी. आजवर तिनं आठ-दहा वर्षांची पोरं शिकवलेली. समोर अठरा बाया बसलेल्या पाहून ती पाठ केलेलं पहिलं वाक्य विसरली. तिनं पाट्या वाटल्या, फळ्यावर शब्द लिहिला आणि म्हणाली, "हा वीस वेळा लिहा."

बायांनी लिहिला. म्हणजे दिवसभर नऊ तास वाकलेल्या मानांनी आणखी एक तास वाकून काहीतरी ओढलं. थोरलीच्या बोटांना पाटीवरची पेन्सिल म्हणजे काडीसारखी. धरली की मोडे. पहिल्या दिवशी तीन मोडल्या. अक्षरं उभी राहीनात. एक पालथं, एक उताणं, एक बाजूच्या अंगावर कललेलं.

"हे काय आहे?" मास्तरणीनं विचारलं.

"तुम्हीच सांगा," थोरली म्हणाली. "तुम्ही शिकलेल्या आहात."

बाया खदखदल्या. मास्तरीणही हसली, पण चौथ्या दिवशी हसली नाही. चौथ्या दिवशी हसरी लिहिता लिहिता चक्क झोपली, पाटीवर गाल ठेवून. उठली तेव्हा गालावर उलटी अक्षरं उमटलेली. मास्तरीण फळ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि बराच वेळ वळलीच नाही. थोरलीनं तिच्या खांद्यांकडे पाहिलं आणि तिला कळलं.

"रडू नका बाई," ती म्हणाली. "आमचा दोष आहे."

"तुमचा नाही," मास्तरीण डोळे पुसत म्हणाली. "मी चुकीचं शिकवतेय. उद्या मी लवकर येते. तुम्ही काम कसं करता ते मला बघू द्या."

दुसऱ्या दिवशी ती दुपारीच आली आणि क्रेटवर बसून नुसती बघत राहिली. या बाया एकमेकींशी बोलताना हातानं बोलत होत्या. एक फळ शेजारणीच्या ढिगात जायचं असेल तर न बघता फेकत, आणि शेजारीण न बघता झेले. कुणाचा हात मंदावला की बाजूची तिच्या पाठीवर दोन बोटं टेकवे, म्हणजे 'झोपू नकोस'. मास्तरीण ते बघत होती आणि वहीत काहीतरी उतरवत होती. संध्याकाळी तिनं पाट्या वाटल्याच नाहीत.

"उठा सगळ्या," ती म्हणाली. "दोन रांगा करा. एकीच्या मागं एक, फळं पुढं सरकवता तशा."

खेळ असा होता: रांगेतल्या शेवटच्या बाईला मास्तरीण कागदावर अक्षर दाखवणार. तिनं ते पुढच्या बाईच्या पाठीवर बोटानं काढायचं, तिनं पुढच्या. तोंड उघडायचं नाही. पहिली बाई फळ्यावर अक्षर लिहिणार. जी रांग आधी शब्द पुरा करील ती जिंकली.

पहिलं अक्षर निघालं मात्र, आणि मधल्या बाईला गुदगुल्या झाल्या. ती किंचाळून खाली बसली. तिच्या मागची तिच्यावर पडली. दोन्ही रांगा विस्कटल्या. गारा पडल्यापासून त्या शेडमध्ये कुणी एवढं मोठ्यानं हसलं नव्हतं. मुकादम ऑफिसातून धावत आला.

"काय झालं? कुणाला लागलं?"

"परीक्षेची तयारी चाललीय," थोरली श्वास सावरत म्हणाली.

पण तिसऱ्या फेरीला रांग शांत झाली. थोरली पुढून दुसरी होती. मागून धाकटीचं बोट तिच्या पाठीवर फिरलं: वरून खाली एक रेघ, डोक्यावर एक आडवी. तिनं तीच रेघ पुढं हसरीच्या पाठीवर ओढली आणि हसरीनं ती फळ्यावर नेली. पाटीवर जे अक्षर चार दिवस कलंडत होतं ते फळ्यावर ताठ उभं राहिलं. थोरलीला वाटलं, ते डोळ्यांतून आलंच नव्हतं. ते पाठीतून आलं आणि बोटातून गेलं.

मग रोज नवा खेळ. मास्तरीण एका क्रेटमध्ये पुठ्ठ्याची अक्षरं भरून आणे आणि ओते टेबलावर, फळांसारखी. 'क्रॅक' शब्द निवडा म्हणे. बायांचे हात सुटत. पहिल्यांदा सगळ्यांनी चारच अक्षरं लावली, एक अक्षर मात्र न बोलता डागी फळांच्या टोपलीत टाकून दिलं.

"हे का टाकलंत?"

"अहो, सी आहे ना? तो 'क' म्हणतोय ना?" थोरलीनं समजावलं. "मग हा के कशाला मागं उभा? फुकट जागा अडवतो. आम्ही असलं फळ पेटीत ठेवत नाही."

"पण तो लागतो."

"काय काम करतो?"

मास्तरणीनं विचार केला. "सोबत," ती म्हणाली.

बायांना ते पटलं. टोपलीत हात घालून त्यांनी 'के'ला बाहेर काढलं, पुसलं आणि शेवटी नेऊन ठेवलं. तेव्हापासून ज्या अक्षराचा आवाज नाही पण जागा आहे, त्याला त्या शेडमध्ये सोबतीण म्हणू लागले, आणि कुठल्या शब्दात किती सोबतिणी आहेत हे प्रत्येकीला तोंडपाठ झालं.

एक खेळ मात्र फसला. मास्तरणीनं फळ्यावर खडूनं डाळिंबाचं झाड काढलं, त्यावर सात फळं, खाली रिकाम्या रेघा. "शब्द मी मनात धरलाय. एकेक अक्षर ओळखा. चुकलात की एक गार पडणार आणि एक फळ जाणार."

आणि कुणी बोलेचना. मघापर्यंत कलकलाट करणाऱ्या अठरा बाया गप्प. धाकटीनं धीर करून एक अक्षर सांगितलं. चुकलं. मास्तरणीनं ओल्या फडक्यानं एक फळ पुसलं. मागून कुणीतरी सुस्कारा टाकला. दुसरं फळ पुसायला तिनं फडकं उचललं तेव्हा थोरली उठून पुढं गेली आणि आपला पंजा त्या खडूच्या फळावर ठेवून उभी राहिली.

"नको," ती म्हणाली. "बाई, वर्गात तरी गारा पाडू नका."

मास्तरणीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मग तिनं सगळं झाड पुसलं आणि नवं काढलं, नुसत्या फांद्यांचं. "बरं. हे झाड रिकामं आहे. बरोबर अक्षर आलं की एक फळ धरणार."

त्या संध्याकाळी त्या झाडाला सत्तावीस डाळिंबं लागली. फांद्या कमी पडल्या तेव्हा बायांनी मास्तरणीला आणखी फांद्या काढायला लावल्या. घरी जाताना कुणी तो फळा पुसू दिला नाही.

पण थोरली सगळ्यांत पुढं असे ती शेवटच्या खेळात. डोळे मिटायचे, मास्तरीण हातात एक डागी फळ ठेवणार. नुसत्या हातानं ओळखायचं आणि त्याचा शब्द क्रेटवर मार्करनं लिहायचा. थोरली फळ घेई, अर्धा फेरा, अंगठा, आणि डोळे उघडायच्या आत हात लिहायला लागलेला असे. ठिपका, चीर, खरचटा, मऊ. पाटीच्या पेन्सिलीपेक्षा तो जाड मार्कर तिच्या मुठीत छान बसे.

"ताई, तुम्ही तर माझ्यापुढं गेलात," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं आणि पाव चमचा दुखणंही होतं.

"तू सातवीपर्यंत शिकलीस," थोरली म्हणाली. "मी थेट डाळिंबात शिकले."

थोरलीचा नवरा मळ्यावर फवारणी करायचा. दिवसभर पाठीवर पंप. संध्याकाळी तो ओसरीवर पालथा पडे आणि ती त्याच्या पाठीला तेल लावे. हल्ली तेल लावता लावता तिचं बोट भलत्याच वाटांनी फिरू लागलं होतं.

"हे काय करतेस?"

"गप्प पडा. शब्द लिहितेय."

"माझ्या पाठीवर?"

"पाटी मोडते माझ्याकडून. तुम्ही मोडणार नाही." आणि ती तेलाच्या बोटाबरोबर गुणगुणत होती. शेडमध्ये काम करताना ती ओळी जुळवायची, तशी ही नवी:

पहिलं अक्षर बाई, ओढ्याचं गं वळण
दुसरं गोल गोल, जसा भरला रांजण
तिसऱ्याचा हात पुढं, मागतंय काही
चौथ्याच्या डोईवर बाई, छपराची छाया राही

"काय झालं त्याचं?" नवऱ्यानं विचारलं.

"सॉफ्ट. म्हणजे मऊ पडलेलं."

"माझ्याबद्दल लिहितेस होय?"

"तुमच्याबद्दल लिहायला चौदा शब्द पुरायचे नाहीत," ती म्हणाली आणि उरलेलं तेल त्याच्या टकलावर पुसलं.

परीक्षेच्या दिवशी थोरली निर्धास्त होती. मुकादमानं मात्र ती परीक्षा मनावर घेतली होती. एकेकीला ऑफिसात बोलावत होता. टेबलावर काच, काचेवर कोरा कागद, कागदावर बारीक टोकाचा पेन. आणि खुर्ची चाकांची. थोरली बसायला गेली तशी खुर्ची मागं सरकली. ती टेबलाला धरून सावरली, पुन्हा बसली, तर खुर्ची एका अंगाला फिरली आणि तिचं तोंड खिडकीकडे झालं.

"इकडे तोंड करा," मुकादम म्हणाला.

"करतेय. ही करू देईना."

शेवटी पाय जमिनीला रोवून ती बसली. पेन हातात घेतला. हातात काही आहे असं वाटेना. मुकादमानं कागद समोर धरला, मान ताठ केली आणि पहिला शब्द उच्चारला.

तो शब्द खोलीत आला आणि नुसताच उभा राहिला. त्याला ना वजन, ना साल, ना वास. थोरलीनं तो कानानं ऐकला आणि वाट पाहिली. काही आलं नाही. वर पंखा फिरत होता. तिनं पेनाचं टोक कागदावर टेकवलं. तिथं एक निळा ठिपका वाढत गेला.

"पुढचा," मुकादम म्हणाला.

चौदा शब्द झाले तेव्हा कागदावर दोनच शब्द होते, आणि एका कोपऱ्यात निळा डाग. मुकादमानं तिच्या नावापुढं फुली मारली. मारताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, हे तिला जास्त लागलं.

"वीस वर्षं आहात तुम्ही. मला काय बरं वाटतं का?" तो कागदाला म्हणाला. "पण नियम सगळ्यांना सारखा."

बाहेर बाया थांबल्या होत्या. सतराजणी पास झाल्या होत्या. धाकटीला चौदापैकी चौदा होते आणि ती कोपऱ्यात उभी राहून अशी रडत होती, जणू तिलाच दोन मिळालेत.

दुसऱ्या दिवशी थोरली डोक्यावर चुंबळ ठेवून खालच्या मळ्यात उतरली.

एकशे दहा पायऱ्या ती मोजत नव्हती, गुडघे मोजत होते. तिसाव्या पायरीला उजवा बोलायला लागे, साठाव्या पायरीला डावा त्याला दुजोरा देई. टोपलीचा भार मानेतून कमरेत, कमरेतून मांड्यांत उतरे. बरोबरच्या तरण्या मुली दोन-दोन पायऱ्या टाकत पुढं जात आणि वरून म्हणत, "मावशी, दमानं या." त्या प्रेमानंच म्हणत. दुपारपर्यंत ती आठ टोपल्या वर घेऊन आली. त्या मुलींच्या वीस झाल्या होत्या. तोडणीवाला म्हणाला, "मावशी, अर्धीच भरू का टोपली?" ती म्हणाली, "भर पूर्ण," आणि पुढच्या खेपेला चाळिसाव्या पायरीवर बसून राहिली.

तिथं तिला मास्तरीण भेटली. शाळा सुटल्यावर ती तशीच आली होती, चपला हातात, पायऱ्यांवर धापा टाकत.

"माझ्यामुळं झालं," ती थोरलीच्या शेजारी बसली. "मी खेळतच बसले. कागदावर लिहायची सवय करून घेतली असती तर—"

"तर मी आधीच इथं आले असते," थोरली म्हणाली. "बाई, मला शब्द येतात."

"माहीत आहे मला. मग काल काय झालं?"

"तेच बघतेय." थोरलीनं हात लांबवून शेजारच्या पायरीवरची टोपली सावरली. बोटं काठावरून आत गेली, एका फळाला लागली. चीर होती, देठाकडून गालापर्यंत. आणि टोपलीच्या काठावर तिचं बोट आपसूक हललं. सी, आर, ए, सी आणि शेवटी सोबतीण. तिनं ते थांबवलं नाही. मास्तरीण त्या बोटाकडे बघत राहिली.

"हां," थोरली हळूच म्हणाली. "मुकादमांनी शब्द दिले. फळ दिलंच नाही."

तिसऱ्या दिवशी ट्रक लागला. वर शेडमध्ये नुसती धांदल. सतराजणींना लिहिता येत होतं, पण यंदाचं फळ अवघड; एकेका डागावर थांबावं लागे, आणि टेबलावरचे सगळ्यांत चलाख हात खाली पायऱ्यांवर होते. भरलेल्या पेट्या कमी पडल्या तेव्हा मुकादमानं बाह्या सरसावून स्वतः अकरा पेट्या भरल्या. वरून लाल, गुळगुळीत, चकचकीत फळं निवडली आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात प्रत्येक पेटीवर लिहिलं: गुड.

थोरली टोपली घेऊन वर आली, ओतली, कंबर धरून उभी राहिली. मुकादमाच्या पेट्या ट्रककडे निघाल्या होत्या. तिनं जाता जाता एका पेटीत हात घातला. बघायचं म्हणून नाही. हाताला राहवेना म्हणून. अर्धा फेरा. अंगठा.

"अहो मुकादम," ती म्हणाली, "हे सोडू नका."

"का?"

"मऊ आहे. गारेचा मार आतून बसलाय. सालीला कळलेलं नाही अजून."

मुकादमानं फळ घेतलं, उलटंपालटं पाहिलं. "चांगलं लाल आहे. थोरल्या बाई, ट्रक उभा आहे माझा. तुम्ही टोपल्यांकडे बघा."

टेबलावरचे सगळे हात थांबले. धाकटी उठून उभी राहिली.

"कापा," थोरली म्हणाली.

"काय?"

"फळ कापा. चांगलं निघालं तर मी संध्याकाळपर्यंत पायऱ्या चढते, तोंड उघडत नाही."

मुकादमानं खिशातला चाकू काढला. डाळिंब दोन फाकांत उघडलं. एका बाजूला दाणे लाल, पाणीदार. दुसऱ्या बाजूला तपकिरी लगदा, आणि आंबूस वास टेबलावर पसरला. तो वास शेडमधल्या प्रत्येकीला ओळखीचा होता. मुकादमानं अकरा पेट्यांकडे पाहिलं, मग ट्रककडे पाहिलं.

"किती असतील?" त्याचा आवाज खाली आला होता.

"हात लावल्याशिवाय कसं सांगू?"

"लावा."

ती पहिल्या पेटीशी बसली, मग दुसऱ्या. फळ उचलायची, फिरवायची, ठेवायची. पाच मिनिटांत तिनं तीन पेट्या बाजूला सरकवल्या: "या ठीक." उरल्या आठ. "या सगळ्या मऊ. गुड लिहून गेल्या असत्या तर पोचेपर्यंत रस गळला असता."

"मऊचा पण गिऱ्हाईक आहे," मुकादम कपाळ पुसत म्हणाला. "रस काढणारा. पण पेटीवर तसं लिहिलेलं पाहिजे. ए पोरी," त्यानं धाकटीला हाक मारली, "ये, लिही पटकन."

धाकटीनं मार्कर उचलला. दोन पावलं आली. मग तिनं तो थोरलीपुढं धरला.

"मला नाही येत," ती म्हणाली.

"चौदाच्या चौदा आले होते की तुला!"

"विसरले," धाकटी म्हणाली आणि इतक्या सरळ चेहऱ्यानं म्हणाली की हसरीला तोंडात रुमाल कोंबावा लागला.

मुकादमानं धाकटीकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं. "परवा तुम्हाला आलं नाही," तो म्हणाला.

"परवा तुम्ही मला शब्द सांगत होतात," थोरली म्हणाली. "शब्द नका सांगू. फळ आहे माझ्या हातात."

तिनं डाव्या हातात पेटीतलं एक डाळिंब धरलं आणि उजव्यात मार्कर. आधी मुकादमाच्या 'गुड'वर एक सरळ काट मारली. मग त्याखाली लिहायला घेतलं. अक्षरं मोठी होती, जाड होती आणि कुणाच्या बापाला भिणारी नव्हती. पहिली पेटी झाली. दुसरी झाली. ती घाई करत नव्हती. प्रत्येक पेटीतलं एक फळ ती हातात घेई, तेव्हाच लिही.

चौथ्या पेटीला ट्रकचा भोंगा वाजला. ड्रायव्हर इंजिन घरघरत ठेवून कधीचा बसला होता. त्यानं खिडकीतून डोकं काढलं. "अहो मावशी! किती वेळ? सकाळपासून इथं मुळं फुटली मला! द्या ना त्या पेट्या!"

"थांब रे बाबा," थोरली मान वर न करता म्हणाली. "लिहितेय मी."

"काय?"

इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नव्हतं. तेव्हा मुकादम शेडच्या दारात गेला, दोन्ही हात वर केले आणि ओरडून म्हणाला, "थांब जरा! त्या लिहितायत!"

ड्रायव्हरनं एकदा मुकादमाकडे पाहिलं, एकदा आत जमिनीवर बसलेल्या बाईकडे, आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

मग इतकं शांत झालं की पुठ्ठ्यावरून फिरणाऱ्या मार्करची कुरकुर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येऊ लागली. अजून चार पेट्या राहिल्या होत्या. थोरलीनं पाचवी पुढं ओढली, आतलं फळ हातात घेतलं, आणि सगळी शेड, मुकादम आणि रस्त्यावरचा तो भलामोठा ट्रक ताटकळत असताना तिनं अक्षरं एकेक करून, सावकाश, ठसठशीत काढली. शेवटच्या अक्षराच्या डोक्यावरची आडवी रेघ तिनं गरजेपेक्षा जरा जास्तच लांब ओढली.